मातीच्या ट्रॅकवरील स्टॉक कारसाठी मागचे बुश: रबर, पॉलियुरेथेन आणि गोलाकार बेअरिंग यांची पारख

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या स्टॉक कारच्या मागच्या सस्पेन्शनला कोणते बुश, म्हणजे सांध्यांत बोल्टभोवती बसणाऱ्या नळ्या, बसवावेत, हा प्रश्न लहान गॅरेजांमध्ये प्रत्येक हिवाळ्यात पुन्हा चर्चेला येतो, कारण गाडी पूर्ण उघडण्याचा आणि पुढच्या हंगामाचे पैसे कोणत्या भागावर खर्च करायचे हे ठरवण्याचा काळ तोच असतो. मी दक्षिण इंडियानातील कोलंबस येथे राहतो. कमिन्स कंपनीमुळे या शहरात पुण्याहून आलेली मराठी माणसे बरीच आहेत, आणि येथून थोड्याच अंतरावर ब्राउन्सटाउन स्पीडवेचा पाव मैलाचा मातीचा ट्रॅक आहे. अशा ट्रॅकवर धावणाऱ्या एका स्टॉक कारच्या गॅरेजमध्ये मी सुटीच्या दिवशी हातभार लावतो, आणि तेथे तिन्ही प्रकारचे बुश बसवून, काढून, कापून पाहण्याची संधी मला मिळाली आहे. माझे मत आरंभीच सांगतो. वरच्या आर्मच्या (एक्सलला चॅसीशी जोडणाऱ्या वरच्या दांड्याच्या) मागच्या टोकाला, म्हणजे एक्सलवरच्या जोडणीच्या कानांत, गोलाकार बेअरिंग बसवावे. वरच्या आर्मच्या पुढच्या टोकाला चांगल्या प्रतीचे रबर ठेवावे. आणि पॉलियुरेथेनचे बुश वरच्या आर्मना कोठेही बसवू नयेत, मग ते कितीही आकर्षक वेष्टनात आणि कितीही स्वस्त मिळत असले तरी.

ही पारख एका विशिष्ट रचनेपुरती आहे, म्हणून ती रचना आधी समजून घेतली पाहिजे. जनरल मोटर्सने १९७८ ते १९८८ या काळात शेव्हरोले मालिबू आणि माँटे कार्लो, ओल्ड्समोबिल कटलस, ब्युइक रीगल, पाँटिअॅक ग्रां प्री अशा अनेक गाड्या एकाच प्रकारच्या चॅसीवर बांधल्या. शर्यतीच्या जगात तिला मेट्रिक चॅसी म्हणतात. एके काळी या गाड्या भंगाराच्या वाड्यांत रांगेने उभ्या असत, त्यामुळे कमी खर्चाच्या वर्गांसाठी हीच चॅसी रूढ झाली. आयोवातील व्हिंटन येथे मुख्यालय असलेल्या आणि १९१५ साली स्थापन झालेल्या आयएमसीए या शर्यतींचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या स्टॉक कार आणि हॉबी स्टॉक या वर्गांत आजही ती मोठ्या संख्येने दिसते, आणि आयोवातील बून येथे १९८३ पासून भरणाऱ्या या संस्थेच्या सुपर नॅशनल्स स्पर्धेत तिच्यावरच्या गाड्यांच्या रांगा पाहायला मिळतात. लेट मॉडेल किंवा स्प्रिंट कार या मातीच्या ट्रॅकवरच्या इतर वर्गांतील गाड्यांची मागची रचना पूर्णपणे वेगळी असते, आणि या लेखातील निष्कर्ष त्यांना लावू नयेत.

मेट्रिक चॅसीच्या मागच्या बाजूला अखंड एक्सल असतो आणि तो चार आर्मनी धरलेला असतो. खालचे दोन आर्म लांब असून चाकांच्या जवळून निघतात आणि जवळजवळ गाडीच्या लांबीच्या दिशेने पुढे जातात. वरचे दोन आर्म आखूड असतात. ते डिफरन्शियलच्या, म्हणजे एक्सलच्या मधल्या गियरच्या डब्याच्या, डोक्यावरील दोन कानांपासून निघतात आणि तिरपे होऊन बाहेरच्या बाजूला, चॅसीच्या आडव्या पट्टीकडे जातात. वरून पाहिले तर त्यांचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार दिसतो आणि त्याचे टोक मागे, एक्सलजवळ येते. या आकारामुळेच एक्सल डावीकडे किंवा उजवीकडे सरकत नाही. म्हणून या गाडीला पॅनहार्ड रॉड, म्हणजे एक्सल आडवा धरून ठेवणारा वेगळा दांडा, कारखान्याने दिलेलाच नाही. चार आर्मच्या आठ टोकांना मिळून आठ बुश असतात. खालच्या आर्मच्या दोन्ही टोकांचे बुश आर्ममध्येच असतात. वरच्या आर्मचा पुढचा बुश आर्ममध्ये असतो, पण मागचा बुश एक्सलच्या कानात दाबून बसवलेला असतो. सुटे भाग मागवताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण वरच्या आर्मची नवी जोडी विकत घेतली तरी कानांतील जुने बुश तसेच राहतात, आणि सगळ्यांत जास्त काम नेमके त्याच दोन बुशांना करावे लागते.

दोन्ही मागची चाके एकाच वेळी वर गेली तर बुशाचे काम जवळजवळ साधे असते. आर्म आपल्या बोल्टभोवती थोडा फिरतो, एवढेच. खरी परीक्षा वळणावर होते. येथील ट्रॅकवर गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, म्हणजे प्रत्येक वळण डावे असते आणि गाडीचे अंग उजवीकडे झुकते. एक्सल मात्र जमिनीशी समांतर राहू पाहतो. या क्षणी प्रत्येक आर्मला आपल्या लांबीभोवती पिळावे लागते आणि तिरपे असलेल्या वरच्या आर्मना तर बोल्टच्या अक्षाबाहेरही कलावे लागते. साधा दंडगोल बुश फक्त एका अक्षाभोवती फिरू शकतो. त्याला जर अक्षाबाहेर अजिबात लवता आले नाही, तर एक्सल आणि चॅसी एकमेकांत आखडतात, आणि स्प्रिंगने जे काम करायचे ते काम बुश, आर्म आणि वेल्ड यांच्या अंगावर येते.

यांत्रिकीच्या भाषेत हीच गोष्ट अधिक नेमकेपणाने सांगता येते. मोकळ्या वस्तूला हालचालीचे सहा मार्ग असतात. दोन्ही टोकांना गोळ्याचा सांधा असलेला एक आर्म त्यांपैकी एकच मार्ग अडवतो. चार आर्म चार मार्ग अडवतात आणि एक्सलकडे दोन मार्ग उरतात: वरखाली होणे आणि एका बाजूला कलणे. सस्पेन्शनला नेमके हेच दोन मार्ग हवे असतात. म्हणजे आठही टोकांना खरे गोलाकार सांधे असतील तर ही रचना कागदावर पूर्णपणे मोकळी चालते. याउलट आठही टोकांना कडक दंडगोल बुश असतील तर ती कलण्याचा मार्गही अडवते. कारखान्याने या गाडीला मऊ रबर दिले, कारण रबर लवते आणि स्वस्तात हा विरोध पोटात घालते. १९६४ च्या शेव्हेलपासून जनरल मोटर्स ही पद्धत वापरत होती आणि प्रवासी गाडीसाठी ती उत्तम होती.

आता रबराकडे येऊ. कारखान्याच्या पद्धतीच्या बुशात बाहेर पोलादी नळी, आत पोलादी नळी आणि मध्ये दोघींना चिकटवलेले रबर असते. येथे काहीही घासत नाही. आर्म फिरतो तेव्हा रबर पिळले जाते आणि परत सरळ होते. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, माती आत शिरत नाही आणि प्रेशर वॉशरने गाडी धुतली तरी त्याचे काही बिघडत नाही. मातीच्या ट्रॅकवर हे गुण फार मोलाचे आहेत. एक बुश येथे साधारण दहा-पंधरा डॉलरना मिळतो आणि कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. रबराचा आणखी एक गुण असा की ते इंजिनाच्या ताकदीचा धक्का थोडा मऊ करते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर डिफरन्शियलचे नाक वर उठू पाहते, खालचे आर्म दाबले जातात आणि वरचे आर्म ताणले जातात. रबर थोडे लवल्यामुळे टायरवर येणारी ताकद एकदम न येता किंचित हळू येते. रात्री उशिरा ट्रॅक सुकून गुळगुळीत होतो तेव्हा ही मऊ सुरुवात चालकाला हवीशी वाटते. मॉडिफाइड वर्गातील गाड्यांत वरच्या दांड्यात मुद्दाम रबराच्या चकत्या किंवा स्प्रिंग घालतात त्यामागेही हाच विचार आहे; तेव्हा रबर म्हणजे गरिबाची तडजोड, ही समजूत मला मान्य नाही.

रबराचे दोष मात्र तितकेच खरे आहेत. वरच्या आर्मचा व्ही आकार एक्सलला आडवे धरतो, आणि त्या चारही टोकांना मऊ रबर असेल तर वळणावर एक्सल चॅसीखाली बाजूला सरकतो. तो सरकला की मागची चाके थोडी वळल्यासारखी होतात, आणि गाडी वळणात शिरताना एक क्षण थांबून मग मागची बाजू टाकते. चालकाला हा उशीर जाणवतो आणि तो स्टिअरिंगने त्याची भरपाई करू लागतो. ट्रॅक ओला, चिकट आणि पकड भरपूर असलेला असतो तेव्हा हा दोष सर्वांत जास्त दिसतो, कारण तेव्हा आडवा जोरही सर्वांत जास्त असतो. शिवाय रबराला तेल सोसत नाही. एक्सलच्या व्हेंटमधून किंवा पिनियनच्या सीलमधून गियर ऑइल उडत असेल तर कानांतील रबर काही महिन्यांत फुगून लिबलिबीत होते, आणि वरून मातीचा थर असल्यामुळे ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

रबराचा बुश बसवताना एक नियम काटेकोरपणे पाळावा लागतो, आणि येथील अनुभवी मेकॅनिकही तो घाईत विसरताना मी पाहिले आहे. बोल्ट शेवटचा आवळताना गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर, चाकांवर उभी असली पाहिजे. गाडी स्टँडवर आणि एक्सल खाली लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर आतली नळी त्या स्थितीत घट्ट होते; मग गाडी खाली उतरवल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते. असे रबर लवकर फाटते आणि तोपर्यंत एखाद्या लपलेल्या स्प्रिंगसारखे गाडीची उंची आणि चाकांवरचा भार बदलत राहते. पॉलियुरेथेन आणि गोलाकार बेअरिंग यांना ही अट लागू नाही, कारण त्यांत आतला भाग मोकळा फिरतो.

पॉलियुरेथेनचा बुश रबराच्या बुशाहून दिसायलाच वेगळा असतो: लाल, निळा किंवा काळा, गुळगुळीत आणि हाताला टणक. कडकपणाच्या शोर ए या मापावर सस्पेन्शनचे सामान्य रबर साधारण ५० ते ७० च्या दरम्यान येते, तर सस्पेन्शनसाठी विकले जाणारे पॉलियुरेथेन बहुधा ८० ते ९५ च्या दरम्यान. हा कडकपणाच जाहिरातीत त्याचा गुण म्हणून सांगितला जातो, आणि समांतर आर्म असलेल्या किंवा एकाच अक्षाभोवती फिरणाऱ्या सांध्यांसाठी तो गुण आहेही; पुढच्या कंट्रोल आर्ममध्ये किंवा अँटी-रोल बारच्या (गाडीचे झुकणे रोखणाऱ्या दांड्याच्या) बुशांसाठी मी पॉलियुरेथेन आनंदाने वापरतो. मेट्रिक चॅसीच्या वरच्या आर्ममध्ये मात्र तोच गुण गाडीच्या मुळावर येतो. दंडगोल आकाराचे पॉलियुरेथेन आपल्या अक्षाभोवती फिरते, पण अक्षाबाहेर लवण्याला जोरदार विरोध करते. परिणामी गाडी झुकू लागली की मागच्या बाजूला एक अदृश्य अँटी-रोल बार जोडल्यासारखे होते, आणि तोही एकसारख्या जोराचा नाही: सुरुवातीच्या थोड्या झुकण्यात तो शांत असतो आणि पुढे एकदम कडक होतो.

हे ट्रॅकवर कसे दिसते ते सांगतो, कारण निदान करताना याचा उपयोग होतो. गाडी वळणात नीट शिरते, वळणाच्या मध्यावर चालक ॲक्सिलरेटर देऊ लागतो आणि त्याच क्षणी, कोणतीही सूचना न देता, मागची बाजू सुटते. डाव्या मागच्या चाकावर भार राहत नाही, कारण आखडलेला एक्सल चॅसीबरोबर उचलला जातो. मग गॅरेजमध्ये उजवी मागची स्प्रिंग मऊ केली जाते आणि काहीही फरक पडत नाही. शॉकअप बदलला जातो, तरीही फरक पडत नाही. स्प्रिंग बदलूनही गाडीचे वागणे बदलत नसेल, तर भार स्प्रिंग वाहत नसून दुसरेच काहीतरी वाहत आहे, असे खुशाल समजावे आणि पहिली शंका वरच्या बुशांवर घ्यावी. असा ताण दीर्घकाळ राहिला की तो कुठेतरी बाहेर पडतोच. एक्सलच्या कानांच्या मुळाशी आणि चॅसीवरील ब्रॅकेटच्या वेल्डवर बारीक तडे दिसू लागतात.

पॉलियुरेथेनला मातीचा आणखी एक त्रास आहे. त्यातली पोलादी नळी ग्रीसच्या थरावर फिरते, आणि हे ग्रीस प्रत्येक शर्यतीनंतरच्या धुण्यात थोडे थोडे निघून जाते. उरलेल्या ग्रीसमध्ये बारीक चिकणमाती मिसळली की ती नळी घासू लागते, आवाज सुरू होतो आणि भोक लंबगोल होते. ग्रीस भरण्याची निपल असलेले बुश घेतले आणि दर आठवड्याला भरले तर आयुष्य वाढते, पण मूळ प्रश्न सुटत नाही. रासायनिक घडणीचाही फरक पडतो: पॉलिएस्टर घडणीचे पॉलियुरेथेन पाण्याने हळूहळू विघटित होते, पॉलिइथर घडणीचे त्याला जास्त टिकते. वेष्टनावर ही माहिती क्वचितच असते, म्हणून विक्रेत्याला विचारून घ्यावी.

गोलाकार बेअरिंग हा या पारखेतील सर्वांत समाधान देणारा भाग आहे. पोलादी कड्याच्या आत घासून गुळगुळीत केलेला पोलादी गोळा बसवलेला असतो आणि बोल्ट त्या गोळ्याच्या भोकातून जातो. गोळा सर्व दिशांना कलतो, पण आडवा किंवा पुढेमागे जवळजवळ अजिबात सरकत नाही. म्हणजे रबराचा मोकळेपणा आणि पोलादाची नेमकी पकड या दोन्ही गोष्टी एकाच जागी मिळतात, आणि एक्सलच्या कानांना नेमके हेच हवे असते. कानांत दाबून बसतील अशा पोलादी कवचात घातलेली ही बेअरिंग शर्यतीचे भाग विकणाऱ्यांकडे तयार मिळतात. बदलताना कवच तसेच ठेवून सर्क्लिप (खाचेत बसणारी कडी) काढून फक्त आतले बेअरिंग बदलता येईल असा प्रकार निवडावा, कारण कान वारंवार प्रेसखाली नेणे चांगले नाही.

यात दोन जाती आहेत आणि त्यांची निगा अगदी उलट आहे. पहिल्या जातीत पोलादावर पोलाद थेट घासते; तिला तेल किंवा ग्रीस हवे, तिच्यात थोडा सैलपणा मुळातच असतो आणि ती मार सहन करते. दुसऱ्या जातीत कड्याच्या आत पीटीएफई या घसरट पदार्थाचे विणलेले अस्तर चिकटवलेले असते. नव्या अवस्थेत त्यात सैलपणा नसतो, गोळा हाताने फिरवताना घट्ट लागतो आणि आवाज येत नाही. अनेक कारखान्यांच्या याद्यांत कॉम (COM) या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक असतात, आणि त्यांपैकी इलिनॉयमधील ऑरोरा बेअरिंगसारख्या काही कंपन्यांच्या क्रमांकाच्या शेवटी टी असेल तर ते अस्तराचे बेअरिंग समजावे. अस्तराच्या बेअरिंगला तेल घालू नये. तेल धूळ पकडून ठेवते, आणि ती धूळ अस्तर खरवडून काढते. गाडी धुताना प्रेशर वॉशरची धार थेट त्यावर मारू नये. ओल्या फडक्याने पुसून हवेच्या नळीने कोरडे करावे. अस्तर एकदा संपले की सैलपणा हळूहळू न येता एकदम येतो आणि ठकठक ऐकू येते. त्या वेळी दुरुस्तीचा विचार न करता बेअरिंग बदलावे. कानांसाठी मी अस्तराची जात पसंत करतो, कारण व्ही आकाराच्या टोकाशी असलेला थोडा सैलपणाही एक्सलच्या दोन्ही टोकांना मोठा होऊन जाणवतो.

बसवण्याच्या कामाला घाई चालत नाही. जुन्या बुशाचे रबर जाळून काढण्याची सवय अनेकांना आहे. तो धूर विषारी असतो आणि कानांचे ओतीव लोखंडही विनाकारण तापते. रबर भोक पाडून मोकळे करावे, बाहेरच्या नळीला करवतीने आतून एक काप द्यावा आणि मग ती दाबून काढावी. काप कानाच्या धातूपर्यंत जाऊ देऊ नये. नवे कवच दाबताना कानाच्या दोन भिंतींमध्ये आधाराचा तुकडा ठेवला नाही तर कान आत वाकतो, आणि एकदा वाकलेला कान पुन्हा मूळ जागी आणणे फार कठीण असते. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना लागणारे स्पेसर बारीक टोकाचे असावेत. जाड स्पेसर कड्याला टेकले तर गोळा असूनही सांधा थोड्याच अंशात अडकतो आणि पैसे वाया जातात.

वरच्या आर्मच्या पुढच्या टोकाला काय ठेवावे यावर मतभेद आहेत. तेथेही गोलाकार बेअरिंग बसवले तर पकड आणखी नेमकी होते, पण इंजिनाचा प्रत्येक झटका सरळ चॅसीत जातो आणि खड्डे पडलेल्या ट्रॅकवर एक्सल उड्या मारू लागतो. पाव मैलाच्या, लवकर सुकणाऱ्या ट्रॅकसाठी मला पुढे रबर आणि मागे गोळा ही जोडी सर्वांत चांगली वाटते. गोळ्यामुळे अक्षाबाहेरच्या हालचालीचा मोठा भाग मोकळा होतो, पुढच्या रबरावर थोडेच काम राहते, आणि ताकदीचा धक्का मऊ करण्याचा रबराचा गुणही हातचा जात नाही. ओहायोतील एल्डोरासारख्या अर्ध्या मैलाच्या वेगवान ट्रॅकवर, जिथे गाडी बराच वेळ एकाच झुकावात असते, तिथे सगळीकडे गोळे घेण्याचा विचार समर्थनीय आहे.

खालच्या आर्मबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, एक गोष्ट वगळता. कारखान्याचा खालचा आर्म पत्र्याचा, एका बाजूने उघडा असतो आणि तो स्वतःच थोडा पिळतो. तो उघडा भाग पट्टी वेल्ड करून बंद केला की आर्म मजबूत होतो, पण त्याचे पिळणे थांबते, आणि तो सगळा पीळ बुशांवर येतो. म्हणून बंद केलेल्या आर्ममध्ये दोन्ही टोकांना पॉलियुरेथेन ही सर्वांत वाईट जोडी होय. उघड्या आर्ममध्ये तेच बुश बरेच सुसह्य वागतात. मजबूत आर्म हवाच असेल तर त्याचे किमान एक टोक गोळ्याचे असावे. पेनसिल्व्हेनियातील यूएमआय परफॉर्मन्सचा रोटो-जॉइंट किंवा कॅलिफोर्नियातील करी एंटरप्रायझेसचा जॉनी जॉइंट हे याच कामाचे सांधे आहेत: गोळ्याभोवती वाट्या, त्या पुन्हा कसता येतात आणि झिजल्यावर वाट्याच बदलता येतात. रस्त्यावरच्या आणि खडकाळ वाटांवरच्या गाड्यांत ते नावाजलेले आहेत. मातीच्या ट्रॅकसाठी त्यांचा एकमेव तोटा म्हणजे किंमत, कारण एका सांध्याच्या पैशांत रबराचा सगळा संच येतो.

खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतरही एक चाचणी करावी, आणि तिला जॅक आणि स्टँडखेरीज कोणतेही खास उपकरण लागत नाही. चॅसी स्टँडवर घट्ट ठेवून मागच्या दोन्ही स्प्रिंग आणि शॉकअप काढावेत. मग एक्सलचे एक टोक जॅकने हळूहळू उचलावे, दुसरे टोक खाली तसेच राहू द्यावे, आणि चॅसी स्टँडवरून केव्हा हलू लागते ते पाहावे. एक्सलच्या वजनापलीकडे जॅकला जो विरोध जाणवतो तो सगळा बुशांचा असतो. कानांत गोळे आणि पुढे रबर असताना एक्सल शर्यतीत लागणाऱ्या सगळ्या झुकावात सहज फिरतो. वरच्या आर्मला चारही ठिकाणी पॉलियुरेथेन असताना तो थोड्याच उंचीवर अडतो आणि चॅसी उचलू लागतो. ही चाचणी स्वतःच्या हाताने केल्यावर कोणत्याही जाहिरातीची गरज उरत नाही.

वरचे आर्म आखडतात म्हणून त्यांपैकी एकाचा बुश काढून टाकावा किंवा अगदी स्पंजासारखा मऊ करावा, अशीही एक युक्ती सांगितली जाते. फोर्ड मस्टँगच्या काही जुन्या मॉडेलांत, ज्यांत मागची रचना अशीच तिरपी आहे, काही चालक एक वरचा आर्म काढतात. पण ते आधी पॅनहार्ड रॉड बसवतात. मेट्रिक चॅसीवर पॅनहार्ड रॉड नसताना व्ही आकाराची एक बाजू सैल केली तर एक्सलला आडवे धरणारे काहीच उरत नाही. पॅनहार्ड रॉड बसवण्याला किंवा कानांत गोलाकार बेअरिंग घालण्याला परवानगी आहे की नाही, हे ट्रॅकप्रमाणे आणि वर्गाप्रमाणे बदलते. सर्वांत कमी खर्चाच्या वर्गांत अनेक ठिकाणी कारखान्याच्या पद्धतीचेच बुश सक्तीचे असतात. नियमपुस्तक वाचण्याआधी एकही भाग मागवू नये.

महाराष्ट्रात रॅली किंवा ऑटोक्रॉससाठी गाडी बांधणाऱ्या वाचकांना यातील किती भाग लागू पडतो, हेही थोडक्यात सांगतो. नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय रॅलीचे टप्पे झाले आहेत आणि तेथील मुरमाड रस्त्यांची धूळ येथील चिकणमातीइतकीच सांध्यांना छळते. मारुती जिप्सीला मागे पाटे आहेत, त्यामुळे तिचे प्रश्न वेगळे आहेत. महिंद्रा थारला मात्र २०२० पासून मागे अखंड एक्सलबरोबर कॉइल स्प्रिंग आणि आर्म आले. तेथे बुश बदलण्याआधी वरचे आर्म किती तिरपे आहेत आणि एक्सलला आडवे धरण्यासाठी वेगळा दांडा आहे का, या दोन गोष्टी गाडीखाली जाऊन पाहाव्यात. आर्म समांतर असतील आणि आडवा दांडा असेल तर पॉलियुरेथेनचा धोका बराच कमी होतो; तरी जॅकची चाचणी तेथेही करून घ्यावी. धुळीच्या प्रदेशात पीटीएफई अस्तराच्या बेअरिंगला रबराचे टोपण लावणे अत्यावश्यक आहे.

पैसे मर्यादित असतील तर माझा क्रम असा राहील. पहिल्यांदा कानांतील दोन गोलाकार बेअरिंग घ्यावीत, आणि त्याच वेळी कानांची मुळे स्वच्छ घासून तड्यांसाठी तपासावीत, कारण तडा गेलेल्या कानात नवे बेअरिंग बसवणे धोक्याचे आहे. त्यानंतर वरच्या आर्मच्या पुढच्या टोकाला नामांकित कंपनीचे नवे रबर बसवावे. खालचे आर्म कारखान्याचे आणि उघडे असतील, त्यांचे रबर फाटलेले किंवा तेलाने फुगलेले नसेल, तर त्यांना पहिल्या हंगामात हात लावण्याची गरज नाही; ते पैसे टायरसाठी राखून ठेवावेत.